तीनशे साठच्या अलीकडे

सोमवार, ३ मार्च

आज घडलं ते असं.

१. बाटल्यांचा कारखाना विकला गेला.

२. नव्या मालकांनी ठरवलं आहे की प्रत्येक जुन्या कामगाराने वेबसाइटवर जाऊन आपली माहिती तपासायची आणि 'नोकरी चालू ठेवायची आहे' हे बटण दाबायचं. मुदत महिनाअखेर. जो दाबणार नाही त्याने स्वखुशीने नोकरी सोडली असं धरलं जाईल.

३. ते पान बनवायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं.

४. सरांनी ते मला दिलं. मांडणी, मापं, बटणं, सगळं. एकटीला दिलेलं हे पहिलंच काम.

५. माझी ताई त्या कारखान्यात सतरा वर्षं आहे. तपासणी विभागात. पट्ट्यावरून आलेली बाटली दिव्यासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला काढायची.

६. हे मी सरांना सांगितलं नाही. काम आमच्याकडे आलंय हे ताईलाही सांगितलं नाही. करारात गुप्ततेचं कलम आहे.

सहावा मुद्दा लिहावा की नाही यावर थोडा विचार केला. दैनंदिनीला कलम लागू नाही.


बुधवार, ५ मार्च

मापं ठरवायला बसले. कारखान्याने आपल्या जुन्या साइटचे वर्षभराचे आकडे पाठवले आहेत: कोण किती रुंदीच्या पडद्यावरून आलं. टेबलावरचे संगणक सगळ्यात जास्त. फोन त्यामानाने कमी, आणि त्यांतले बहुतेक ३६० किंवा त्याहून रुंद. ३२० रुंदीचे जेमतेम दीड टक्का.

तीन मापं धरली. १२८०, ७६८ आणि ३६०. त्याच्या अलीकडे वेगळी मांडणी नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, नाहीतर माणूस मनगटी घड्याळापर्यंत मांडण्या करत बसेल.

खुसपट मागे येऊन उभा राहिला. आमच्याकडे तपासणीचं काम करतो, चाळिशीचा आहे, आणि प्रत्येक पानात काहीतरी काढतोच म्हणून हे नाव पडलंय. त्यालाही ते आवडतं असं दिसतं.

"हे आकडे कुणाचे?"

"कारखान्याच्या साइटवर येणाऱ्यांचे."

"येणारे कोण? हिशेबखातं, खरेदीखातं, बाबू लोक. भट्टीवरचा माणूस कारखान्याची साइट कशाला उघडेल? भट्टी बघायला?"

"आहेत ते आकडे हे आहेत."

"नसलेल्यांचे आकडे नसतातच गं," तो म्हणाला आणि चहाला गेला.

त्याच्या बोलण्यात तथ्य असू शकेल, पण त्यावरून मांडणी करता येत नाही.


शुक्रवार, ७ मार्च

कारखान्यात नोटीस लागली. ताई घरी आली ती चपला काढता काढताच सांगू लागली.

"आता म्हणे फोनवर बटण दाबायचं. सतरा वर्षं मी बाटल्या तपासल्या, आता मालक मला तपासणार."

"तुला नाही तपासत. तुझी माहिती तपासायची आहे, तीही तूच."

"तुला कसं गं माहीत?"

"नोटिशीत असंच असतं."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिचं बघणं कामाचं आहे. क्षणभर बघते आणि पुढची बाटली घेते. "तू काय करतेस सध्या?"

"एका पानाची मापं काढतेय."

"ते पिक्सेल का काय ते? एकदा सांगून टाक बाई. शेजारणीने विचारलं की मी नुसतंच 'कॉम्प्युटर' म्हणते आणि विषय बदलते."

मी तिचा फोन घेऊन दाखवलं. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. एका आडव्या ओळीत किती ठिपके बसतात त्यावर पानाची रुंदी ठरते.

"माझ्यात किती बसतात?"

"तीनशे वीस."

"तुझ्यात?"

"तीनशे नव्वद."

"बघा. शिकवलं मी आणि सत्तर ठिपके हिला जास्त."

तिचा फोन माझाच जुना आहे. कोपऱ्याला तडा गेलाय. ताई म्हणते, बाटली असती तर कधीच बाजूला काढली असती.

दीड टक्क्यातला एक नमुना घरातच निघाला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.


मंगळवार, ११ मार्च

कारखान्याच्या कामगार अधिकारी आल्या. पन्नाशीच्या बाई. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून मीही.

त्यांना दोन्ही बटणं एकाच ओळीत हवी आहेत. डावीकडे 'माहिती बरोबर आहे', उजवीकडे 'नोकरी चालू ठेवायची आहे'. डावं मोठं, ठळक. फोनवर उजव्याची नुसती बरोबरची खूण ठेवायची, म्हणजे गर्दी दिसणार नाही. आणि बोटाने पान डावी-उजवीकडे सरकतं ते त्यांना चालत नाही.

"हललं की मला कसंतरीच होतं. बंद करा ते."

"बंद केलं तर लहान पडद्यावर उजवीकडचा भाग कापला जाईल," मी सांगितलं.

"किती?"

"तीनशे वीसवर चाळीस ठिपके."

"चाळीस ठिपक्यांत काय असतं?"

मी कागदावर काढून दाखवलं. उजव्या कडेचं बटण बरोबर चाळीसचं आहे.

मॅडमनी कागद आपल्याकडे वळवून घेतला. "असे फोन कोण वापरतं हल्ली?"

"तुमच्या आकड्यांप्रमाणे दीड टक्का."

खुसपटला कोणी विचारलं नव्हतं. तरी तो म्हणाला, "आणि ज्यांनी अक्षरं मोठी करून घेतलीत ते. अक्षरं मोठी केली की तीनशे साठचा पडदा तीनशे वीससारखा वागतो. वय झालेली माणसं तसंच ठेवतात. माझी सासू ठेवते."

"वय झालेली," मॅडम म्हणाल्या. कागद पुन्हा एकदा बघितला. "छान दिसतंय हो. स्वच्छ. ह्याला आता हात लावू नका."

त्यांनी मला नावाने हाक मारून सांगितलं की मुलींनी असंच नेमकं काम करावं. माझ्या कामाला एवढ्या वरच्या माणसाने चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही.

लिफ्टपाशी त्या सरांना म्हणत होत्या, "तीनशे चाळीस जण आहेत. दोनशे ऐंशीच्या वर आम्हाला परवडत नाहीत. काढायला गेलं की बोंबाबोंब होते. बघू, आपापलं काय होतंय ते."

भरतीचं नियोजन हा त्यांचा विषय आहे.


गुरुवार, १३ मार्च

आमच्या ऑफिसात दोष सापडला की तो फळ्यावर लिहायचा. ज्याने निर्णय घेतला त्याने समोर 'चालेल' किंवा 'नाही चालणार' लिहून सही करायची. 'चालेल' लिहिलं की त्या दोषावर पुन्हा बोलायचं नाही. सरांनी हा नियम वेळ वाचवायला केला आणि तो चांगला आहे.

खुसपटने आज लिहिलं: 'तीनशे वीसवर उजवं बटण दिसत नाही. डावं दाबलं की "धन्यवाद, तुमची नोंद झाली आहे" असं येतं. माणसाला वाटतं झालं.'

'धन्यवाद'चं वाक्य मॅडमचं आहे. ते कुठलंही बटण दाबलं तरी येतं.

बटणं एकाखाली एक घेतली तर दोष जातो. अर्ध्या दिवसाचं काम. पण मॅडमनी हात लावू नका म्हटलं होतं, आणि तीनशे साठच्या अलीकडचं आपण धरलेलंच नाही. मी 'चालेल' लिहिलं.

"कुणाला चालेल?" खुसपटने विचारलं.

"मापाच्या बाहेरचं आहे."

"माप कुणी ठरवलं?"

"मी."

"मग काय, प्रश्नच मिटला." त्याने लहान फोन खणात परत ठेवला. त्याच्या खणात जुन्या फोनांची रांग आहे. एखाद्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यासारखी.


सोमवार, १७ मार्च

पान सुरू झालं. पहिल्या तासात एकही तक्रार नाही. सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि माझ्याकडे बघून कप उंचावला.


बुधवार, १९ मार्च

ताईने जेवणाच्या सुट्टीत बटण दाबलं. घरी आल्यावर आपणहून सांगितलं.

"झालं बाई एकदाचं. नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, दाबलं. धन्यवाद म्हणाले. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणी धन्यवाद म्हणालं, तेही फोनने."

कुठलं बटण, हे मी विचारलं नाही. त्या पानावर किती बटणं आहेत हे तिच्या लेखी मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. शिवाय ताई तडे शोधणारी बाई आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं तिच्या विभागात सगळे म्हणतात. तिने दाबलं म्हणजे तिला दिसलं.

नव्या मालकांकडे कायमची दिवसपाळी मागायचा तिचा विचार आहे. म्हणजे संध्याकाळी दोघी एकत्र जेवू शकू म्हणाली. मी हो म्हटलं.


गुरुवार, २७ मार्च

मॅडमना रोज आकडे लागतात. आज पाठवताना एक गोष्ट लक्षात आली. माहिती तपासली आहे पण नोकरीचं बटण दाबलेलं नाही अशी पन्नासच्या वर माणसं आहेत. मी सुचवलं की त्या लोकांना एक आठवणीचा संदेश पाठवता येईल. पाच मिनिटांचं काम.

मॅडमचा फोन आला. "नको हो. नोकरी करायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. आपण कशाला मध्ये पडायचं?"

लोकांच्या निर्णयाचा मान राखणारी कंपनी कमी बघायला मिळते.

त्या पन्नासांची नावं यंत्रणेत आहेत. एका क्लिकवर उघडतात. उघडली नाहीत, कारण आकडे पाठवायला नावं लागत नाहीत.


मंगळवार, १ एप्रिल

फाटकावर यादी लागली. ताईचं नाव नाही.

ती दुपारीच घरी आली होती. मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून होती आणि घडलेलं तिने एका सुरात सांगितलं. रखवालदार सतरा वर्षांपासूनचा ओळखीचा. तो म्हणाला, बाई, यादीत नाही म्हणजे आत नाही. ती म्हणाली, अरे, आत माझा डबा आहे कालचा. तो म्हणाला, डबा आणून देतो. आणि खरंच आणून दिला. सोबत तिचा कामाचा चष्माही.

"मागितला नव्हता मी चष्मा," ताई म्हणाली. "तोच आठवणीने घेऊन आला. आता पुन्हा यायला नको म्हणून."

साठजण बाहेर आहेत. तिच्या विभागातल्या सगळ्या पन्नाशीपुढच्या बायका, भट्टीवरचे जुने लोक. आत विचारलं तर मॅडमनी सांगितलं की यंत्रणेत तुमची नोंद नाही.

"मी दाबलं होतं गं," ताई म्हणाली. "तुला सांगितलंही होतं. सांगितलं होतं ना?"

"हो."

"धन्यवाद आलं होतं."

"काही लोकांचं राहून गेलं असेल," मी म्हटलं.

"राहून गेलं म्हणजे?"

मी जेवण गरम करायला आत गेले.


बुधवार, २ एप्रिल

ताई आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन घेतला आणि पान उघडलं. ते अजून चालू आहे. उजवं बटण पडद्याबाहेर. कडेला एक हिरवी रेघ दिसते, केसाएवढी. आधीच माहीत नसेल तर दिसणार नाही.

फोन आडवा धरला. बटण दिसलं. ही उपयोगाची माहिती आहे.

फोन होता तसा ठेवला.


शुक्रवार, ४ एप्रिल

बाहेर राहिलेल्या लोकांनी तक्रार केली आहे. कारखान्याला आमच्याकडून तांत्रिक दाखला हवाय की पान नीट चालत होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

मी मसुदा नेला होता. त्यात तिसरं वाक्य असं होतं: 'तीनशे साठपेक्षा कमी रुंदीच्या पडद्यावर, फोन उभा धरल्यास, नोकरीचं बटण दिसत नाही.'

सरांनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली. "हे कुणी विचारलंय?"

"कुणी नाही."

"मग तू कशाला सांगतेस? दाखला आहे, कबुलीजबाब नाही. दाराशी आलेल्याला आपण घरातली सगळी कपाटं उघडून दाखवतो का?"

"वाक्य खरं आहे, सर."

"अगं, खोटं लिही असं मी म्हणतच नाही. खरं लिही. जेवढं लागतं तेवढं." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कारखान्याचं पुढचं सगळं काम आपल्याकडे येतंय. मला त्यासाठी एक प्रमुख नेमायचाय. मी तुझं नाव धरून चाललोय. आणि हे वाक्य असंच कारखान्याकडे गेलं, तर काम जातं. काम गेलं तर पहिलं कोण जातं, तुला सांगायला नको."

मी वाक्य बदललं. आता ते असं आहे: 'फोन आडवा धरल्यास सर्व बटणं सर्व पडद्यांवर दिसतात.' हे मी स्वतः तपासलेलं आहे.

सविस्तर विचार केला तो नोंदवते. मसुदा तसाच ठेवला असता तर ताईची नोकरी परत मिळेल याची खात्री नव्हती. माझी जाईल याची होती. दोघींपैकी एकीची तरी राहिली पाहिजे. यात भावनेचा प्रश्न येत नाही.


सोमवार, ७ एप्रिल

मी प्रमुख झाले. फळा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलाय.

खुसपटला काढलं. सरांच्या भाषेत, तपासणी यापुढे बाहेरून करून घेणार. त्याने सामान एका पिशवीत भरलं. खणातले फोन ऑफिसचे, म्हणून ते राहिले.

"तुझी बहीण त्या कारखान्यात आहे ना?" जाताना त्याने विचारलं.

मला हे त्याला कधी सांगितल्याचं आठवत नव्हतं.

"एकदा डबा द्यायला आली होती तुझा. विसरलेलीस तू. अंगावर कारखान्याचा डगला होता." पिशवी त्याने दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, फळ्यावर लिहिताना तरी तुझा हात थांबेल. म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं."

"तुम्ही सरळ बोलायला हवं होतं."

"हो. माझंही पोट आहे, मी पण तेवढंच बोललो जेवढं चालेल." तो हसला. "बरंय. अभिनंदन."

जिन्याने गेला, लिफ्टने नाही.


गुरुवार, १० एप्रिल

बाहेर राहिलेल्यांना कारखान्याच्या जेवणघरात बोलावून मॅडमनी दाखला वाचून दाखवला. त्यांच्या आवाजामुळे सगळ्यांना पुढे सरकावं लागलं, ताई म्हणाली. म्हणून खालचं नाव तिला नीट ऐकू आलं. हुद्द्यासकट.

ती घरी आली आणि चपला काढल्या नाहीत. दारातच उभी राहिली.

"तू लिहिलंस ते?"

"हो."

"खोटं काही आहे का त्यात?"

"नाही."

"मला वाटलंच. तू खोटं लिहायची नाहीस." ती पलंगाच्या कडेला टेकली. "फोन आडवा धरला की दिसतं म्हणे."

"दिसतं."

"आम्ही तिथे सगळ्यांनी धरून बघितला. साठ माणसं, हातात फोन आडवे. मॅडम म्हणाल्या, बघा, आहे की नाही? आणि होतं गं. भट्टीवरचे काका तर दाबत बसले. मुदत संपली हे त्यांना कितीदा सांगितलं, तरी दाबतायत आपले." मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी नेमकं उत्तर द्यायचं ठरवलं. "तीनशे वीसवर ते दिसणार नाही हे माहीत होतं. तू दुसरं बटण दाबलंस हे माहीत नव्हतं."

"माझा फोन तीनशे वीसचा आहे हे?"

"तेही माहीत होतं."

"मी घरी येऊन सांगितलं, दाबलं म्हणून. तेव्हा का नाही विचारलंस? एवढंच म्हणायचं होतंस, ताई, दाखव बघू."

मी शुक्रवारी केलेला विचार तिला सांगितला. एकीची तरी नोकरी राहायला हवी. क्रमाने सांगितला, मधलं काही न गाळता. मला वाटलं, पूर्ण ऐकल्यावर तिला पटेल.

"गणित बरोबर आहे," ताई म्हणाली. "तुझं गणित कधी चुकलंच नाही. शाळेत तुझ्या बाई म्हणायच्या, ही पोरगी हातचा सुद्धा विसरत नाही. मी पाळी संपवून तशीच डगल्यात यायचे निकाल ऐकायला. छाती अशी फुगायची माझी."

"ताई, मी तुला सांभाळेन. पगार वाढलाय."

"सांभाळशील की. दीड टक्का."

हा हिशेब मला लागला नाही. दीड टक्क्याचं तिला कुणी सांगितलं तेही कळलं नाही. बहुधा मॅडमनी वाचून दाखवलं असेल.

तिने कपाटातून दोन साड्या काढल्या, चष्मा घेतला. कामाचा नाही, दुसरा. "मावशीकडे जाते."

"किती दिवस?"

"तेही मोजायचंय?"

कामाचा चष्मा पलंगावर राहिला. मी तो हाक मारून द्यायला हवा होता. पण तो तिला आता कशाला लागणार, असा विचार केला आणि तोवर ती जिना उतरली होती.


रविवार, २० एप्रिल

ताईला आतापर्यंत तीन संदेश पाठवले. पाणी येण्याची वेळ बदलली आहे. तुझं पत्र आलंय. तब्येत कशी आहे. ती वाचते. वाचल्याची खूण येते. उत्तर येत नाही.

मावशीला फोन केला. म्हणाली, "बरी आहे. झोपते आणि उठते. मला म्हणते, मावशी, तुझ्या काचेच्या कपाला तडा आहे, फेकून दे. सगळी भांडी काढून बसली होती काल खिडकीशी. तुमचं काय गं भांडण झालं?"

"भांडण नाही झालं," मी म्हटलं. ते खरं आहे. आवाज कुणाचाच चढला नव्हता.

बाहेरच्या खोलीची भिंत मोजली. ताईचा पलंग काढला तर तिथे माझं कामाचं टेबल बसतं, वर हातभर जागा उरते. पलंग काढला नाही. चादर बदलली आणि परत घातली.

काल संध्याकाळी दोघींचं जेवण केलं. सवयीने. उरलेलं सकाळी खाल्लं.


गुरुवार, २४ एप्रिल

कारखान्याचं दुसरं पान आलं. तपासणी विभागात आणि भट्टीवर माणसं कमी पडतायत, म्हणून ठेकेदारामार्फत भरती करणार. अर्ज वेबसाइटवरच.

मी बैठकीत सुरुवातीलाच सांगितलं की ह्या वेळी तीनशे वीससाठी वेगळी मांडणी ठेवावी. मोठ्या अक्षरांसाठीही. सगळ्या कारणांची टिपणं काढून नेली होती. ती काढायचीही वेळ आली नाही.

"अर्थात," मॅडम म्हणाल्या. "ह्या वेळी कुणाचं अडायला नको. जुनी, हात बसलेली माणसं आहेत, ती ह्या पगारात दुसरीकडे कुठे मिळणार? सगळ्यांना भरता आलं पाहिजे."

एका वाक्यात मंजूर झालं. मागच्या वेळी मी मुद्दा मांडायला कमी पडले असेन.


सोमवार, २८ एप्रिल

पान सुरू झालं. खुसपटच्या खणातल्या प्रत्येक फोनवर मी स्वतः तपासलं. बाहेरच्या तपासणीवर सोडलं नाही. तीनशे वीसवर ते इतकं नीट दिसतं की मला ते मोठ्या पडद्यावरच्यापेक्षाही आवडलं. मधली गर्दी नाही. एका नजरेत सगळं.

ताईला लिहिलेला संदेश इथे उतरवून ठेवते. तीन वेळा वाचला. एकही शब्द जास्तीचा नाही.

'ताई,

कारखान्याच्या तपासणी विभागात ठेकेदारामार्फत भरती आहे. काम तेच, पट्टाही तोच. पाळी रात्रीची. पगार आधीपेक्षा कमी आहे, करार अकरा महिन्यांचा, आणि मागची सतरा वर्षं धरली जाणार नाहीत. हे तुला आधीच माहीत असावं म्हणून लिहिते.

अर्ज वेबसाइटवर आहे. पान मी केलंय. तुझ्या फोनसाठी वेगळी मांडणी ठेवली आहे. बटण एकच आहे, पूर्ण रुंदीचं, आणि फोन उभा धरला तरी दिसतं. अक्षरं मोठी केली तरी दिसतं. धन्यवादच्या आधी ते एकदा विचारतं की अर्ज खरंच पाठवायचा आहे का. तेव्हा 'हो' दाब.

मॅडमना मी तुझं नाव सांगितलेलं नाही. ते योग्य दिसलं नसतं. पण तुझा हात बसलेला आहे, त्यामुळे घेतील असं मला वाटतं.

तुझा कामाचा चष्मा इथे आहे. लागणार असेल तर मावशीकडे पोचवीन.

मुदत शनिवारी संपते. तू अर्ज करणार आहेस की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.'